सासुरवाडीत बाहेरचे जेवण

परगावी गेल्यावर नातलगांकडे न उतरता हॉटेलात उतरणे, हा आपल्या मंडळींत एके काळी सरळ अपमान समजला जात असे. इंदूरचा गृहस्थ ग्वाल्हेरास गेला आणि लष्करातल्या मावसभावाच्या पंक्तीला न बसता परतला, तर ती वार्ता बडोद्यापर्यंत पोहोचे आणि पुढच्या मुंजीत त्याचा जाब विचारला जाई. आमची तर ती सासुरवाडी. १९७८ साली आमचे लग्न झाले. तेव्हापासून पुढची तीसपस्तीस वर्षे आम्ही किती वेळा ग्वाल्हेरास गेलो याचा हिशेब नाही. पण त्या गावी जे खाल्ले ते सारे पाटणकर बाजाराजवळच्या त्या वाड्यात, पाटावर बसून, सासूबाईंच्या हातचे. आमटी, भरली वांगी, साटोऱ्या, आणि निघण्याच्या दिवशी न चुकता श्रीखंड. ग्वाल्हेरचा किल्ला पाहिला, तानसेनाची कबर पाहिली, फूलबागेतील झाशीच्या राणीच्या समाधीपुढे मस्तक नमविले. परंतु ग्वाल्हेरकर स्वतः बाजारात काय खातात, हे जावयाला ठाऊक असण्याचे काही कारणच नव्हते.

सासूबाई २००९ साली गेल्या. एक मेव्हणे पुण्यास स्थायिक झाले, दुसरे कॅनडात. वाडा २०१६ मध्ये विकला गेला. व्यवहार रीतीने झाला, कोणाचे कोणाशी वाकडे आले नाही. तरी त्यानंतर आठ वर्षे आमच्या सौ.ने ग्वाल्हेरचे नाव काढले नाही. वर्तमानपत्रात त्या गावाची काही बातमी आली की ती पान उलटे. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेने २०२३ मध्ये ग्वाल्हेरास संगीताचे नगर म्हणून मान दिला, तेव्हा आम्ही मुद्दाम मोठ्याने वाचून दाखविले. तिने नुसते ‘हं’ केले.

मग २०२४ चा डिसेंबर आला. १९२४ पासून चालत आलेला तानसेन समारोह त्या वर्षी शंभरावा होता. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ती आपण होऊन म्हणाली, “अहो, जाऊ या का? पण उतरायचं कुठं?”

प्रश्न उतरण्याचा नव्हताच. स्टेशनजवळ लॉज पुष्कळ आहेत. खरा प्रश्न जेवणाचा होता. निवृत्तिवेतनावर चालणारा आमचा संसार. शिवाय आमच्या कुटुंबाला ‘बाहेरचे’ या शब्दाचेच वावडे. इंदुरासारख्या खाद्यनगरीत चाळीसपंचेचाळीस वर्षे काढूनही सराफ्यातील रात्रीची खाऊगल्ली तिने पाहुण्यांना दाखविण्यापुरतीच पाहिली. तिने चार दिवसांसाठी दशम्या, चिवडा, मेतकूट, लिंबाचे लोणचे असा शिधा बांधला. जणू आम्ही गाडीने नव्हे, दौलतराव शिंद्यांच्या फौजेबरोबर कूच करीत होतो.

फौजेची आठवण उगाच झाली नाही. लष्कर हे गावाचे नावच मुळी छावणीचे. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, आणि तो तळ उठलाच नाही. आजही रिक्षावाल्यास ‘निंबालकर की गोठ’, ‘शिंदे की छावनी’, ‘पाटनकर बाज़ार’ असे सांगावे लागते. आपला ‘गोट’ हिंदीच्या तोंडी ‘गोठ’ झाला एवढेच.

रात्रीच्या गाडीने पहाटे पोहोचलो. कडाक्याची थंडी होती. लॉजच्या भोजनगृहात सकाळी न्याहारी म्हणून जे पुढे आले, त्यात गार टोस्ट, त्याहून गार ऑम्लेट आणि डबीतला जॅम होता. दोघांचे मिळून चारशे ऐंशी रुपये. हे आमच्या दोन दिवसांच्या भाजीचे पैसे. त्या भोजनगृहात आम्ही पुन्हा बसलो नाही. सौ.ने पिशवीतून दशमी काढली; परंतु त्या थंडीत दशमी घशाखाली उतरेना. शेवटी ती म्हणाली, “गरम काही तरी पाहिजे बाई.” तेवढ्या एका वाक्यावर आमचे पुढचे चार दिवस निघाले.

महाराज बाड्याच्या बाजूला, सराफ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, सकाळी आठच्या सुमारास तुम्ही गेलात तर कढयांभोवती माणसांचे कडे दिसेल. ती बेडई. आपल्यापैकी जे दक्षिणेकडून येतात ते तिला पुरी समजतात आणि जे माळव्यातून येतात ते कचोरी. ती दोन्ही नव्हे. कणकेत भिजवून वाटलेल्या उडदाच्या डाळीची पिठी असते, तीत हिंग, बडीशेप आणि तिखट. कढईत ती टम्म फुगते, पण पुरीसारखी लगेच मऊ पडत नाही. सोबत बटाट्याची पातळ भाजी. या भाजीचे बटाटे सुरीने कापलेले नसतात, हाताने कुस्करलेले असतात, म्हणून रस त्यांच्या अंगी लागतो. हा पदार्थ व्रजभूमीचा. मथुरा-आग्र्याची सकाळही याच्यावरच उजाडते, आणि आग्रा येथून अवघे सव्वाशे किलोमीटरवर. ग्वाल्हेर आज मध्य प्रदेशात असले तरी त्याची जीभ उत्तरेकडे वळलेली आहे, हे तीस वर्षे आमटी खाऊन आम्हांला कधीच कळले नसते.

पळसाच्या पानांच्या द्रोणात बेडई हाती आली. बसायला जागा नव्हती. कोणी बसतच नव्हते. सराफ, शाळकरी पोरे, स्कूटरवर डबे बांधलेला दूधवाला, सारे उभ्यानेच खात होते. आमची सौ. द्रोण धरून क्षणभर नुसती उभी राहिली. मग म्हणाली, “दादा आणायचा हे. रविवारी. आई आधी आपल्या पातेल्यात ओतून घ्यायची, मग आम्हाला वाढायची. द्रोण कधी आमच्या हातात दिला नाही.” वाड्यातल्या मुलींनी रस्त्यात उभे राहून खाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे जन्माने ग्वाल्हेरची असून, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, माहेरच्या रस्त्यावर उभी राहून ती पहिल्यांदा खात होती. तिने दुसरा द्रोण मागितला. त्या सकाळी दोघांचे पोट शंभर रुपयांच्या आत भरले, आणि दहा वाजता परत त्या बाजूने गेलो तो कढई रिकामी, दुकानदार हात धूत होता.

ही वेळेची गोष्ट आम्ही मनात टिपून ठेवली. स्वस्त आणि उत्तम खाणे गावात कोठे मिळते असे आपण विचारतो. ‘केव्हा मिळते’ असे विचारावयास हवे. बेडई सकाळची, कचोरी दुपारपर्यंतची, मुगाचे मंगोडे उन्हे उतरल्यावरचे. जे दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत सर्व काही देते ते कोणतीच गोष्ट ताजी देत नाही. आम्ही खुर्च्यांकडे पाहत नाही, कढईतला माल किती वेळात संपतो ते पाहतो. ज्याच्याकडे एकच जिन्नस आहे आणि तो भराभर संपतो आहे, त्याला शिळे ठेवायला सवडच नसते. आमच्या कुटुंबाचे पोट नाजूक. पण चार दिवसांत त्याने एकदाही तक्रार केली नाही.

दुपारी जयविलास राजवाडा पाहिला. वाचकांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला आहे, तेव्हा झुंबरांविषयी लिहीत नाही. छत तोलण्यासाठी वर हत्ती चढविल्याची कथाही सर्वांना पाठ आहे. आमचे लक्ष गुंतले ते भोजनाच्या मेजावरील चांदीच्या आगगाडीत. पाहुण्यांपुढून ती रुळांवर फिरे, मद्याचे काचपात्र उचलले की थांबे, ठेवले की पुढे चाले. खाणे माणसाकडे चालत येण्याची ही पराकाष्ठा! आम्ही मात्र खाण्याकडे चालत जाणारी माणसे, आणि चालल्याने भूक लागते हा आमचा फायदा. १८७४ मध्ये जयाजीरावांसाठी हा वाडा बांधला सर मायकेल फिलोज यांनी. फिलोज घराण्याचा मूळ पुरुष इटलीतील नेपल्सचा, महादजींच्या चाकरीत आलेला. पिढ्यान्‌पिढ्या हे इटालियन ग्वाल्हेरचेच झाले. त्यांनी येथे काय खाल्ले असेल? डाळ-रोटीच खाल्ली असणार. चार पिढ्या जॅम खाऊन कोणी काढीत नाही.

इटलीचे नाव निघाले म्हणून सांगतो. चिरंजिवांच्या कृपेने २०१८ साली आम्ही फ्लॉरेन्सला पाच दिवस होतो. तेथेही हाच अनुभव आला. कॉफी गल्ल्याजवळ उभ्याने प्याल तर एक दर, खुर्चीवर बसून प्याल तर दुसरा, आणि चौकातील खुर्ची असेल तर विचारूच नका. दुपारी कामकरी लोक जेवतात त्या खानावळींत दोन पदार्थांचे जेवण बेताच्या पैशांत मिळे; पण अडीच वाजले की चूल बंद, ती सातनंतर पेटायची. आमच्या शाकाहारी कुटुंबाचा तेथे जीव वाचविला तो ‘रिबोलिता’ नावाच्या रश्शाने: शिळा पाव, पांढरी कडधान्ये आणि गडद पानांची कोबी, पुन्हा पुन्हा उकळलेली. गरिबाघरचा पदार्थ. सौ.ने पहिल्या घासाला सांगितले, “ही आपली फोडणीची पोळी आहे, पाणी जास्त झालेली.” तस्कनीचा पाव अळणी असतो, म्हणून रश्शात तो शोभतो, हे तिनेच ओळखले. परदेशात ती निर्धास्त उभ्याने कॉफी प्याली होती. तेथे तिला ओळखणारे कोण होते? माहेरच्या गावात उभ्याने खाणे ही निराळी गोष्ट.

दुपारचे जेवण दोन दिवस आम्ही स्टेशनरस्त्यावरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये केले. येथे मात्र बसावयास मिळते, आणि कितीही वेळ बसा, पंख्याच्या आकाराचा तुरा लावलेला फेटेवाला वेटर उठवीत नाही. या संस्थेविषयी आम्हांस जुना आदर आहे. मुळात ही उपाहारगृहे कॉफी बोर्डाची. १९५० नंतरच्या दशकात बोर्डाने ती बंद करावयास घेतली, शेकडो कामगार रस्त्यावर येणार होते. तेव्हा कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच १९५७-५८ मध्ये सहकारी संस्था काढून ती चालवावयास घेतली. आपल्या मध्य प्रदेशात जबलपूरच्या संस्थेने गावोगाव शाखा नेल्या. जो वाढतो तोच मालक. त्यामुळे तेथे लगबग नसते आणि लाचारीही नसते. डोसा कुरकुरीत, सांबार साधे, कॉफी बरी. अप्रतिम म्हणणार नाही. पण मध्यमवर्गीय माणसाने पाकीट न चाचपता जेवावे अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत.

रात्री पडावाच्या बाजूला एका भोजनालयात जात होतो. पाटी रंग उडालेली, आत सहा मेजे, भटारखाना सर्वांदेखत. थंडीचे दिवस असल्याने भाजी जी मिळेल ती मिळेल: एके दिवशी मेथी-बटाटा, एके दिवशी गाजर-मटार, तिसऱ्या दिवशी बथुआ घातलेले दही. बथुआ म्हणजे आपला चाकवतच, सौ.ला तो ताकातला नव्हे तर रायत्यातला भेटला, म्हणून तिने भटाऱ्यास गाठून कृती विचारली. चंबळेचा हा मुलूख मोहरीचा. फोडणीला मोहरीचे तेल असते आणि पहिल्या घासाला ते नाकात चढते. तिसऱ्या रात्री आम्हांला त्याची सवय झाली होती आणि इंदुरास परतल्यावर घरचे तेल मुके वाटले. तुरीची डाळ, तव्यावरून थेट ताटात येणारे फुलके, मुळ्याच्या फोडी, गुळाचा खडा. माणशी एकशेवीस रुपये, फुलके मोजले जात नव्हते. मालक वयाने आमच्याच आगेमागे. “माताजी ने तो खाया ही नहीं,” असे म्हणून तो स्वतः एक फुलका जास्त टाकी, आणि सौ. त्याला शुद्ध लष्करी हिंदीत दटावी. ती हिंदी आम्ही आठ वर्षांत ऐकली नव्हती.

येथे एक विचार मनात आला तो मांडतो. दोनशे वर्षांवर मराठी माणसे या गावात आहेत. देवळे आहेत, मठ आहेत, तानसेन समारोहाचा आरंभच मुळी कबरीपाशी ढोलीबुवा महाराजांच्या हरिकथेने आणि मिलादने होतो. मग रस्त्यावर मराठी जेवणाची पाटी आमच्या वाटेत एकही का येऊ नये? पुण्यास पहा: मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली पूना गेस्ट हाऊस काढले आणि मराठी जेवण हा व्यवसाय होऊ शकतो हे दाखविले. मुंबई-पुण्यास विद्यार्थी आणि कारकून एकटे आले, त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या. ग्वाल्हेरास आपण आलो ते फौजेबरोबर, बायकामुले आणि पाटवरवंटा घेऊन. खानावळीची गरज कोणाला होती? सरदार होते, कारकून होते, पंतोजी होते, गवई होते; गल्ल्यावर बसणारा क्वचित. आमच्या मते आपल्या स्वयंपाकाने या गावावर ठसा उमटविला नाही तो यामुळेच: तो कधी उंबऱ्याबाहेर आलाच नाही. वाडे आहेत तोवर तो होता. वाडे जाताहेत, तसा तोही जातो आहे. सासूबाईंच्या साटोऱ्या ग्वाल्हेरात आता कितीही पैसे टाकले तरी मिळणार नाहीत, आणि शेजारच्या हलवायाची बेडई मात्र मिळते.

गोडाधोडाविषयी न लिहिले तर वाचक रागावतील. नया बाजारातील बहादुरा यांच्याकडचे बुंदीचे लाडू अटलबिहारी वाजपेयी यांना किती आवडत, हे वर्तमानपत्रांनी पुष्कळदा सांगितले आहे. अटलजींचा जन्म १९२४ चा, शिंदे की छावणीतला. समारोहाचे आणि त्यांचे वय एकच. दुकान लहानसे, दिमाख शून्य. लाडू गरम असतानाच खावा; तुपाचा वास हाताला संध्याकाळपर्यंत राहतो. आणि गजक. शेजारच्या मुरैन्याच्या गजकेस २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ग्वाल्हेरकर मात्र आपलीच श्रेष्ठ मानतात, या वादात जावयाने पडू नये. गुळाचा पाक ओढून ओढून पांढरट करतात, मग त्यात भाजलेले तीळ घालून लाकडी मोगरीने कुटतात, म्हणून तिला पापुद्रे सुटतात. थंडी सरली की गजक सरली. आम्ही दोन किलो घेतली आणि शिध्याच्या पिशवीत, न उघडलेल्या मेतकुटाशेजारी ठेवली.

तीन दिवस आम्ही बाड्याच्या चारी अंगांनी फिरलो. परंतु एक वळण सौ. टाळीत होती, हे आमच्या ध्यानात आले होते. आम्ही काही बोललो नाही. संध्याकाळी हजिऱ्यास गाणे ऐकावे, थंडीत घोंगडी पांघरून चहा घ्यावा, रात्री परतावे, असे चालले होते. चौथ्या दिवशी सकाळी बेडईच्या कढईकडे निघालो तेव्हा ती एकाएकी म्हणाली, “आज तिकडं नको. पाटणकर बाजाराकडून जाऊ.”

वाड्याच्या जागी चार मजली इमारत होती. वर बिऱ्हाडे, खाली दुकानांची ओळ: एक मोबाइलचे, एक औषधांचे, आणि अगदी कोपऱ्यात, जेथून पूर्वी आत शिरत असू तेथे, चहा-पोह्यांचे लहानसे दुकान. बाहेर दोन बाकडी. विशीतला एक मुलगा परातीतल्या पोह्यांवर शेव भुरभुरत होता. सौ.ने रस्त्यावरून अंतर मोजल्यासारखे दोनदा इकडून तिकडे पाहिले आणि एका बाकड्यावर बसली. “ओसरी इथपर्यंत होती,” ती म्हणाली. “आई इथंच तांदूळ निवडायची.”

पोहे आले. इंदूरकराने परक्या गावच्या पोह्यांविषयी मत देऊ नये, ते कधीच चांगले होत नाही. तिने सावकाश, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ले. मग मुलाला हाक मारून म्हणाली, “बेटा, नमक कम है. और प्याज़ पहले ठीक से भूना करो.” मुलाने “जी अम्माजी” म्हटले. बहुधा त्याला कोणी असे सांगितले नसावे, कारण तो खरोखरच चमचा घेऊन चव पाहू लागला.

दोन बशा पोहे, दोन चहा, मिळून साठ रुपये झाले. आम्ही खिशात हात घातला तो तिने मनगट धरले आणि आपल्या बटव्यातून पैसे मोजून काढले.

“माझं माहेर आहे,” ती म्हणाली. “जावयानं नाही द्यायचे.”